मदत हवी आहे: डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरचा पंखा काढून टाकला तर चालेल का?

नमस्कार मंडळी,

मी अकोल्याचा. घरच्या एका खोलीत मराठी कथांचं अभिवाचन रेकॉर्ड करतो. हौसेचं काम आहे, पण आता थोडे ऐकणारे जमलेत आणि त्यातले काही जण विचारतात, "मागे गिरणी चालू आहे का?" गिरणी नाही, कॉम्प्युटर आहे.

मशीन असं: इंटेल कोअर आय३-८१००, एच३१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरवर असेंबल करणाऱ्याने बसवलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्यावर छोटा पंखा. रेकॉर्डिंग ऑडॅसिटीमध्ये, एकच ट्रॅक, यूएसबी माइक.

रेकॉर्डिंगच्या वेळी छताचा पंखा आणि कूलर बंद करतो, दारं-खिडक्या लावून घेतो. मे महिन्यात ही काय शिक्षा असते ते विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. एवढं करून मागे उरते ती या पंख्याची घरघर.

तर पंखा काढून नुसता हीटसिंक ठेवला तर काय होईल? दुकानदार म्हणतो दोन मिनिटांत प्रोसेसर जळेल. एक मित्र म्हणतो काही होत नाही. की बिनपंख्याचाच कूलर विकत घ्यावा? आणि घेतला तर आमच्या उन्हाळ्यात तो टिकाव धरेल का?

सोल्डरगन:
जळणार नाही. ती भीती जुन्या काळातली आहे. २००१ साली टॉम्स हार्डवेअरवाल्यांनी चालू मशीनवरून अख्खा हीटसिंकच उचलून बघितला होता. एएमडीचा अ‍ॅथलॉन धूर सोडून मेला, पेंटियम ४ मात्र वेग पाडून रडतखडत चालत राहिला. आजचे प्रोसेसर त्या पेंटियमच्या वळणाचे. तुमच्या ८१०० ची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर मशीन सरळ बंद पडतं.

तरी पंखा काढू नका असंच सांगेन. त्या हीटसिंकची पाती एवढी दाट असतात की झोताने ढकलल्याशिवाय हवा त्यांच्यातून सरकत नाही. बिनपंख्याच्या हीटसिंकची पाती जाड आणि दूरदूर असतात, म्हणून गरम हवा आपोआप वर चढते. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हा पंखा खाली बोर्डावरही वारा मारतो आणि सॉकेटशेजारी प्रोसेसरला वीज पुरवणारे जे भाग असतात, म्हणजे व्हीआरएम, ते त्यावरच थंड राहतात. एच३१० च्या स्वस्त बोर्डांवर त्यांना बरेचदा स्वतःचा हीटसिंकही नसतो. प्रोसेसर स्वतःला सांभाळेल हो, बोर्डाला कोण सांभाळणार?

आकडेमोड:
वरच्याशी सहमत. उन्हाळ्याचा प्रश्न राहिला, त्याचा हिशोब मांडतो.

प्रोसेसरचं तापमान म्हणजे भोवतालच्या हवेचं तापमान अधिक (वॅट गुणिले हीटसिंकचा औष्णिक रोध). हिशोबापुरता धरू की बिनपंख्याच्या चांगल्या हीटसिंकचा रोध वॅटला १ अंश आहे. ८१०० ने कागदावरचे पूर्ण ६५ वॅट घेतले तर तापमान ६५ अंशांनी चढणार. पुण्यात थंडीत कॅबिनेटमधली हवा २५ अंश असेल तर बेरीज ९०, कसंबसं निभेल. अकोल्यात मे महिन्यात, तेही बंद खोलीत, आतली हवा ४५ धरा. ११० झाले. म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. हेच वॅट ३५ वर आणले तर ८०, आणि मग जमतं. तुमच्या हातात फक्त वॅट आहेत, अकोल्याचं ऊन नाही!

विकत घ्यायचाच असेल तर आर्क्टिकचा अल्पाइन १२ पॅसिव्ह तुमच्या सॉकेटवर बसतो, पण कंपनी स्वतः तो ४७ वॅटपर्यंतच म्हणते. नॉक्टुआचा एनएच-पी१, २०२१ चा, त्याहून पुष्कळ तगडा आहे. वजन १ किलो १८० ग्रॅम, उंची १५८ मिमी. कॅबिनेटची रुंदी मोजून घ्या आणि वरच्या बाजूला जाळी आहे का तेही बघा. जाळीवर वह्या-पुस्तकं रचून ठेवायची सवय असेल तर हे प्रकरण तुमच्यासाठी नाही. हा कूलर चांगलाच महाग पडतो, मी तुमच्या जागी असतो तर तेवढ्यात माइक बदलला असता.

सेकंडहँड ८१००टी मिळाला तर तो ३५ वॅटचाच आहे, वेग ३.१ गिगाहर्ट्झ. बोर्डाच्या बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती त्याला चालते का ते आधी तपासा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. एचडब्ल्यूइन्फो हे वॅट आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं. गंमत म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसर जेमतेम १० वॅट घेतोय. नंतर नॉइज रिडक्शन आणि एक्सपोर्टच्या वेळी आकडा उडी मारतो, पण तेव्हा माइक बंदच असतो. मग पंखा रेकॉर्डिंगच्या वेळी एवढा का ओरडतो?

आकाशवाणीची_भाची:
कारण तो बहुतेक पूर्ण वेगाने फिरतोय. पंख्याला चार तारा आहेत ना? बायोसमध्ये फॅन कंट्रोल पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या तारेने वेग कमी-जास्त करण्याच्या पद्धतीवर, आहे का बघा. असेंबल करणारे बरेचदा तिथे फुल स्पीड ठेवून मोकळे होतात. ६० अंशांपर्यंत सर्वांत कमी वेग, त्यापुढे चढता, असा आलेख द्या.

त्याआधी हीटसिंक काढून साफ करा. तुमच्याकडे धुळीत कापसाचे तंतूही असणार, ते पात्यांच्या मुळाशी नमद्यासारखे बसतात आणि वरून दिसत नाहीत. परत बसवताना थर्मल पेस्ट नवीन लावायची, जुनी वाळून खडखडीत झालेली असते.

मग विंडोजमध्ये रेकॉर्डिंगसाठी वेगळा पॉवर प्लॅन करा आणि त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ६० टक्के ठेवा. ८१०० ला टर्बो, म्हणजे गरजेपुरता वेग आपणहून वाढवण्याची सोय, नाहीच, त्यामुळे तो ३.६ वरून साधारण २.१ गिगाहर्ट्झवर येईल. एका ट्रॅकसाठी तेवढं भरपूर. वेग उतरला की व्होल्टेजही उतरतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, म्हणून उष्णता वेगापेक्षा जास्त घटते.

माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, असेल तर त्याची पाठ कॅबिनेटकडे करा, त्या बाजूने तो सर्वांत कमी ऐकतो. कॅबिनेट टेबलावर असेल तर आधी खाली उतरवा. टेबलाची थरथर स्टँडमधून थेट माइकमध्ये जाते आणि ती घूं-घूं पंख्याच्या आवाजासारखीच वाटते. शक्य असेल तर डबा शेजारच्या खोलीत ठेवून भिंतीतून केबल काढा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. मी स्वतः असंच करते, बिनपंख्याच्या फंदात पडलेच नाही.

वऱ्हाडी ठेचा:
कूलर बंद करून मे महिन्यात कथा वाचता भाऊ, तुम्हाले दंडवत! प्रोसेसरचं जाऊ द्या, वाचणाऱ्याचं टेम्परेचर कोण मोजून राह्यलं?

सोल्डरगन:
भाचीताईंचा प्रतिसाद पटला. फक्त एक भर: पॉवर सप्लायचा पंखाही ऐकून बघा. प्रोसेसरचा मंद केल्यावरही घरघर तेवढीच राहिली तर चोर तो आहे. त्याला मात्र उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असू शकतात. सरळ बदला.

आणि पुढेमागे मशीनच बदलणार असाल तर इंटेल एन१०० चे बोर्ड बघा. ६ वॅटचा प्रोसेसर, बोर्डालाच सोल्डर केलेला, आणि काही बोर्डांवर तो कंपनीकडूनच पंख्याविना येतो. अभिवाचनासाठी पुरून उरेल. व्हिडिओ एडिटिंगची स्वप्नं असतील तर नको.

धागाकर्ता:
साफसफाई केली. पात्यांच्या मुळाशी खरंच कापूस निघाला. पंखा पीडब्ल्यूएमवर टाकला, कॅबिनेट खाली ठेवलं. फरक जाणवण्याजोगा आहे, गिरणी बंद पडली म्हणायला हरकत नाही. पण आता मशीन सुरू करताना "सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ१" येतंय. पंखा तर फिरताना दिसतो. तो इशारा इग्नोर करून टाकू का?

सोल्डरगन:
इग्नोर नका करू. पंख्याचा वेग बोर्डाच्या किमान मर्यादेखाली गेला म्हणून तो ओरडतोय, काही बोर्डांवर ही मर्यादा मुळातच मिनिटाला ६०० फेऱ्यांची असते. बायोसच्या मॉनिटर पानावर फॅन स्पीड लो लिमिट शोधा आणि ३०० किंवा २०० करा. इग्नोर केलंत तर उद्या पंखा खरोखर बंद पडल्यावर बोर्ड गप्प बसेल.