शेणखताच्या मेथीत 'तिप्पट लोह' असतं का?

काळीमाती_परभणी:
रविवारच्या बाजारात मेथीची जुडी दुप्पट भावानं होती. पाटी होती, 'शेणखतावरची, तिप्पट लोह'. मी दरसाल रानात शेणखत टाकतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तिप्पट हे मोजलं कुणी?

उकिरडेवाला:
दादा, आपल्याकडं चुनखडीची रानं बरीच, सामू (pH) आठाच्या वर. लोह-जस्त मातीत असून पिकाला घावत नाही, म्हणून तर सोयाबीनवर केवडा दिसतो, पानं पिवळी पडतात. चांगलं कुजलेलं खत तेच मुळांना उचलता येईल असं करून देतं. मग पाल्यात येणारच की!

गोदाकाठ:
'येणारच' कसं काय? खतानं उत्पन्न वाढलं तर तेवढंच जस्त जास्त दाण्यांत वाटलं जातं. दाण्यात किती भरायचं हे वाणावर लई ठरतं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेसोबत २०१८ मध्ये परभणी शक्ती ज्वारी आणली. किलोला लोह ४५ मिलिग्रॅम, जस्त ३२. नेहमीच्या ज्वारीत साधारण ३० आणि २०. हे पैदासकारांचं काम, उकिरड्याचं नाही.

उकिरडेवाला:
वाण कितीबी भारी असू द्या, मातीतून मिळालंच नाही तर भरणार कशानं?

शेपूवाली_ताई:
तुम्ही दोघं लोहावरच अडून बसलात. नत्राचं बघा. युरिया जास्त झाला की पालकात नायट्रेट साठतं. कंपोस्टातलं नत्र सावकाश सुटतं, झाड नुसतं पाण्यानं फुगत नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिसला दहा वर्षांचे टोमॅटो तपासले, २००७ साली छापलं. सेंद्रिय टोमॅटोत क्वेर्सेटिन ७९ टक्के आणि केम्फेरॉल ९७ टक्के जास्त, ही दोन्ही अँटिऑक्सिडंट. गंमत म्हणजे माती सेंद्रिय कर्बानं भरल्यावर तिथं खत कमी केलं होतं, तरी हे वाढतच गेलं.

गोदाकाठ:
ताई, ते एक पीक, एक ठिकाण. २०१२ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी ढीगभर अभ्यास एकत्र तपासले, जीवनसत्त्वांत ठोस फरक सापडला नाही.

शेपूवाली_ताई:
आणि २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या गटानं ३४३ शोधनिबंध तपासले, त्यांना अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी दिसला. सेंद्रिय मालात प्रथिनं थोडी कमी, हेही त्यातच आहे. लपवत नाही मी.

नवा_शेतकरी_सेलू:
मी दोन ट्रॉल्या शेणखत टाकलं तर मेथी उलट पिवळी पडली. वर मुळं खाणारी हुमणी अळी झाली ती वेगळीच.

उकिरडेवाला:
कच्चं टाकलं असणार. काडीकचरा कुजवायला जीवाणूच नत्र ओढून घेतात, पिकाला काय उरणार? पाच-सहा महिने मुरू द्या. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला नाही पाहिजे.

काळीमाती_परभणी:
आज परत गेलो, पाटीवाल्याला विचारलं. म्हणाला, "लोहाचं पोरानं लिहिलं, मी तर फक्त शेणखत म्हणलं होतं." जुडी घेतली. भाव मात्र दुप्पटच लावला त्यानं.