किडनीचे डॉक्टर कुणाला माहितीयेत का? अर्जंट

बी-३०४: नमस्कार, बाबांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ताची टेस्ट) काल २.८ आलंय, दिवाळीत १.९ होतं. शुगर १५ वर्षांपासून आहे. फॅमिली डॉक्टर म्हणाले किडनीवाल्यांना दाखवा. चौकातल्या मुतखड्याच्या डॉक्टरांकडे नेलं तर चालेल का

सी-१०१: चांगले आहेत ते, माझा खडा त्यांनीच काढला, घेऊन जा बिनधास्त

ए-६०२: दादा थांबा जरा. खड्याचे डॉक्टर म्हणजे युरोलॉजिस्ट, ते सर्जन असतात, एमएस करून पुढे एमसीएच. खडा, प्रोस्टेट असेल तर तेच. पण शुगर-बीपीने किडनी हळूहळू कमजोर होत असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट लागतो, म्हणजे एमडी मेडिसिन आणि त्यावर ३ वर्षं डीएम किंवा डीएनबी नेफ्रॉलॉजी. पाटीवर नुसतं किडनी तज्ज्ञ लिहिलंय म्हणून जाऊ नका, खालची डिग्री वाचा. सासूबाईंच्या वेळी आम्ही ७ महिने एका ठिकाणी खेटे घातले, त्या डॉक्टरांकडे नेफ्रॉलॉजीची डिग्रीच नव्हती हे नंतर कळलं, तोवर क्रिएटिनिन ६ च्या वर. अजून राग येतो मला.

डी-२०३: रजिस्ट्रेशन नंबर चिठ्ठीवर असतो, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघा

बी-३०४: बरं झालं विचारलं वहिनी. जाताना काय काय नेऊ?

ए-६०२: मागच्या २-३ वर्षांचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. नुसता कालचा आकडा नाही, तो कसा चढत गेला ते बघतात ते. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करतेय तो आकडा, किती आलाय? ३० च्या खाली असेल तर अजिबात उशीर नको. लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे प्रोटीनची टेस्ट, सोनोग्राफी झाली असेल तर तीही. आणि गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून न्या, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणतात त्या पेनकिलरसुद्धा, डायक्लोफिनॅक वगैरे किडनीला फार वाईट, आजपासून विचारल्याशिवाय देऊ नका

बी-३०४: ईजीएफआर २४ आहे 😟 आणि हो, गुडघ्याची गोळी रोज चालू आहे

सी-१०१: अरे बापरे, मला हा फरक माहितीच नव्हता. काढ्याचा फॉरवर्ड टाकणार होतो तोही राहू दे आता

ए-६०२: नकोच काका, कशात कुठलं भस्म असतं आपल्याला कळत नाही. दादा अजून एक, आम्हाला शेवटी भेटल्या त्या डीएम मॅडमनी पहिल्याच दिवशी सासूबाईंचा डावा हात हातात घेऊन सांगितलं, यातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही, पुढे डायलिसिस लागलंच तर फिस्टुला, म्हणजे त्यासाठी धमनी आणि शीर जोडायचं ऑपरेशन, याच हातात करायचंय, शिरा जपा. इतके महिने हे कुणी बोललंच नव्हतं हो

डी-२०३: खर्चाचं टेन्शन घेऊ नका, डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं, पण तशी वेळ येणार नाही

बी-३०४: उद्या १० ची अपॉइंटमेंट मिळाली, डिग्री बघितली, डीएम नेफ्रॉलॉजी आहे. बाबा विचारतायत उपाशी जायचं का

ए-६०२: शुगरची गोळी असते ना, उपाशी नको, खाऊन न्या. आणि रक्त काढायला सांगितलं तर उजवा हात पुढे करायला सांगा