आईचं ९४ वर्षांचं आयुष्य पाच मिनिटांत कसं सांगायचं?

अबोली:
आई ९४ व्या वर्षी गेली. मागे पाच मुलं, अकरा नातवंडं, चार पतवंडं. स्मरणसभेला आठ दिवस आहेत आणि बोलायला ५ मिनिटं. तिचा दिवस प्रार्थनेनं उजाडायचा आणि प्रार्थनेनंच मावळायचा, पण मसुद्यात तेच तीन शब्द फिरून फिरून येतात: श्रद्धाळू, प्रेमळ, कष्टाळू. नातवंडांपैकी काही देव न मानणारी आहेत, त्यांनाही ते आपलं वाटायला हवं. काय घ्यावं, काय सोडावं? तिचं प्रार्थनेचं जुनं पुस्तक आणि तिच्या आवाजाची एक कॅसेट आहे, ती सभेत वापरावीत का?

मधलीओळ:
आधी शब्दांचा हिशेब. अशा सभेत मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाता येत नाही, कारण मध्येच गळा दाटतो. म्हणून ४५० शब्दच लिहा.

जन्म, शिक्षण, लग्न, मुलं असं ओळीनं सांगत गेलात तर त्यातच तीन मिनिटं संपतात आणि नातवंडांनी पाहिलेली आजी शेवटच्या एका वाक्यात उरकली जाते. सगळं आयुष्य पहिल्या ७०-८० शब्दांत सांगून टाका. मग दोनच प्रसंग, प्रत्येकी दीडशे शब्दांचे. त्यातला एक तरी तिच्या म्हातारपणातला हवा.

श्रद्धेबद्दल लिहिताना विशेषणं खोडा आणि ती काय करायची ते लिहा. किती वाजता उठायची, कुठल्या कोपऱ्यात बसायची, पुटपुटायची की मोठ्यानं म्हणायची, मध्येच कुणी हाक मारली तर थांबायची का? सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती प्रार्थनेत कुणाकुणाची नावं घ्यायची आणि कोणत्या क्रमानं. नवं पतवंड त्या यादीत कुठे आलं? गेलेल्या माणसाचं नाव तिनं गाळलं की तसंच ठेवलं? देव न मानणाऱ्या नातवालाही आपलं नाव तिथे रोज घेतलं जायचं हे ऐकायचं असतं. त्यासाठी वेगळा परिच्छेद लिहायची गरज नाही.

‘ती आता देवाजवळ सुखात आहे’ असं सगळ्यांच्या वतीनं म्हणू नका. ‘आपण देवाकडे जाणार याची तिला खात्री होती’ असं म्हणा. हे खरं आहे आणि कुणालाच खटकत नाही.

जुनीवही:
आठवणी गोळा करताना ‘आईबद्दल काहीतरी सांग’ असं विचारलंत तर ‘खूप प्रेमळ होती’ एवढंच हाती लागेल. प्रश्न बारीक विचारा. ती कशावरून चिडायची? दिवसातून दहादा कोणतं वाक्य म्हणायची? देवावर कधी रुसली होती का? हा शेवटचा प्रश्न टाळू नका, बहुतेक वेळा खरा प्रसंग तिथेच सापडतो. सभेत सांगायच्या आधी मात्र भावंडांना विचारा.

कुटुंबाच्या ग्रुपवर विचारू नका. पहिलं उत्तर आलं की बाकीचे त्याचीच री ओढतात. प्रत्येकाला वेगळा फोन करा, १५ मिनिटं पुरतात. सुरुवात तिच्या हयात भावंडापासून किंवा जुन्या मैत्रिणीपासून करा, कारण तिचं लहानपण त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नसतं.

‘पाच मुलं’ हा आकडा नीट तपासा. तान्हेपणी गेलेलं मूल मोजणीतून सुटतं आणि सभेत बसलेल्या कुणाला तरी ते लागतं. शेवटच्या वर्षांत तिचं उठणं-बसणं ज्यांनी केलं त्यांचं नावही राहून जातं. ते पहिल्याच मसुद्यात लिहून टाका. जन्मतारखा दोन निघाल्या तर एकच कागद प्रमाण धरा आणि छापताना सगळीकडे तीच ठेवा.

कागदकाम:
पुस्तक उघडायच्या आधी बाजूनं पाहा. खालच्या कोपऱ्यात अंगठ्यानं काळवंडलेली पानं वेगळी दिसतात. ती सगळ्यात जास्त काय वाचायची हे तेवढ्यावरून कळतं आणि सभेत नेमकी तीच प्रार्थना म्हणता येते. पानांत फुलाच्या पाकळ्या किंवा चिठ्ठ्या असतील तर हलवण्याआधी फोटो काढा, पान क्रमांक लिहून ठेवा. पाकळ्या कागदाला डागाळतात, म्हणून नंतर त्या वेगळ्या पाकिटात ठेवा. हात धुऊन कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, त्यांत फाटकी कड अडकते. पाठ सुटलेलं पुस्तक सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल लावा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको: पट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. सभेत पुस्तक हातोहात फिरवू नका, त्या पानाचा मोठा फोटो ठेवा.

कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे खिट्टे आधी तोडा, म्हणजे चुकून तिच्या आवाजावर दुसरं काही भरलं जाणार नाही. फितीमागची छोटी नमद्याची गादी जागेवर आहे ना, तेही पाहा. ती पडली असेल तर आवाज दबलेला येतो. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते, लावूच नका, जाणकाराकडे द्या. एरवी डेकचं (कॅसेट वाजवायच्या यंत्राचं) हेड, म्हणजे फितीला टेकणारा भाग, साफ करून वायरनं थेट संगणकावर घ्या, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात. स्पीकरसमोर फोन धरून घेतलेल्या आवाजात खोलीची घरघर येते.

सभेत ३०-४० सेकंदच ऐकवा आणि तेही भाषण संपल्यावर. मध्येच लावलंत तर पुढचं बोलणं जमत नाही.

अबोली:
नावांचा क्रम मोठ्या बहिणीला पाठ निघाला. पण एका प्रसंगाबद्दल दोघा भावांचं एकमत होत नाही. एक म्हणतो तेव्हा आई रडली, दुसरा म्हणतो गप्प बसून जप करत राहिली.

मधलीओळ:
दोघांनाही जे मान्य आहे तेवढंच घ्या: ती कुठे बसली होती, हातात जपमाळ होती का, किती वेळानं उठली. बाकीचं त्या दोघांकडेच राहू द्या. मसुदा १८ पॉइंटात, कागदाच्या एकाच बाजूला छापा, पानांना क्रमांक घाला आणि दुसरी प्रत बहिणीला देऊन ठेवा. तुमचा आवाज अडला तर त्याच ओळीपासून तिला पुढे वाचता येईल. नावांची यादी मात्र तिलाच म्हणू द्या.