अमेरिकेत सगळं स्वतःच्या हिमतीवर? मला नाही पटत

ओहायोकर ताई: काल इथे एकाने लिहिलं, "अमेरिकन मूल्यं म्हणजे स्वातंत्र्य, समान संधी आणि मेहनत. सरकारपुढे हात पसरायचा नाही. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, घर उभं केलं." डोकंच फिरलं. अहो, त्या बॅगा इथे उतरल्या त्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याआधी अख्ख्या भारताला वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर मार खाल्ला, १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, त्या वाऱ्यात आपलंही दार उघडलं. ही कुणाची मेहनत?

एडिसनकर: ते लिहिणारा मीच. दार कायद्याने उघडलं, ठीक. पेट्रोल पंपावर रात्रपाळ्या मी केल्या. आणि सरकारवर अविश्वास ही इथली पहिली शिकवण आहे. घटनेची पहिली दुरुस्तीच मुळी "काँग्रेस (म्हणजे इथली संसद) असा कायदा करणार नाही" अशी सुरू होते.

डॅलसचा बाबा: समान संधी? मग ग्रीन कार्डचं बोला! वर्षाच्या कार्डांपैकी एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१५ ची. थोरली पुण्यात जन्मली, धाकटी इथे. दोघींचे पासपोर्ट एकाच खणात, दोन्ही निळेच. धाकटी नागरिक. थोरली २१ ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर.

एडिसनकर: मर्यादा सगळ्या देशांना सारखीच आहे. समानता म्हणतात ती हीच.

डॅलसचा बाबा: देशांची झाली, माणसांची कुठे? आइसलंडमध्ये चार लाखसुद्धा माणसं नाहीत, तरी मर्यादा भारताएवढीच! "सर्व माणसं समान" असं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिलं, "सर्व देश" असं नाही.

ओहायोकर ताई: ते लिहिणाऱ्या जेफरसनकडे गुलाम होते, तेही लक्षात असू द्या.

एडिसनकर: ताई, विषय बदलू नका. तुम्ही ज्याचे गोडवे गाताय त्या १९६५ च्याच कायद्याने देशागणिक सारखी मर्यादा आणली. तेव्हा ती २० हजार होती.

ओहायोकर ताई: हो, आणली. वंशावरून कोटा ठरायचा, तो मोडायला आणली. आज ती आपल्याच पोरांच्या मुळावर आली आहे, हे नाकारत नाही.

डॅलसचा बाबा: साहेब, एवढंच सांगा, माझ्या थोरलीची मेहनत कुठे कमी पडली?

एडिसनकर: कुठेच नाही. इथे मेहनत चालत नाही, मान्य. पण रांग सरकारनेच लावली ना? म्हणूनच म्हणतो, सरकार कमी हवं.

ओहायोकर ताई: आणि ती मोडायला कायदा कोण करणार?