रोख बक्षिसापेक्षा नेमकी दखल
कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवण्यासाठी दरमहा एका उत्कृष्ट कर्मचाऱ्यास छोटे रोख बक्षीस द्यावे, अशी एक सूचना केली जाते; ती कमी खर्चाची आहे खरी. परंतु तिच्या परिणामाबद्दल मला शंका वाटते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोडी सोडवण्यासाठी पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा त्या कोड्यांतील रस पैसे थांबताच घटलेला, तर शाब्दिक कौतुक मिळालेल्यांचा रस टिकलेला दिसला. (तुटपुंज्या पगारावर कौतुकाची मलमपट्टी करावी, असा याचा अर्थ मुळीच नाही.) ज्याच्या चिकाटीमुळे अडलेले काम मार्गी लागले, त्याला नेमके काय चांगले केले हे त्याच आठवड्यात, शक्यतो लेखी सांगणे, पुढच्या कामाची निवड त्याच्याकडे सोपवणे किंवा अवघड टप्प्यानंतर एक दिवस भरपगारी रजा देणे, हे उपाय मला अधिक परिणामकारक वाटतात. दर महिन्याला एकच विजेता निवडला, की उरलेले सारे आपोआप पराभूत ठरतात.

कामाची अशी दखल घेतली जाते का, हे नोकरी शोधणाऱ्यालाही आधीच पारखता येते. म्हणून मुलाखतीच्या तयारीबाबत एवढेच सुचवतो, की उमेदवारानेही शेवटी विचारावे: "या विभागात अलीकडे कोणाच्या कामाची दखल घेतली गेली आणि ती कशी?" उत्तर मोघम आले, तर पगाराचा आकडा कितीही आकर्षक असला तरी होकार देण्यापूर्वी तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याशी बोलून घ्यावे.