चार ग्रिल्सऐवजी एकच पेलेट कुकर: कोल्हापूरला न्यावा का?

प्रेषक: ओहायोहून, मंडळाची सभासद

सर्वांना नमस्कार,

दिवाळीनंतर आम्ही कायमचे कोल्हापूरला परततोय. ताराबाई पार्कातलं सासूबाईंचं घर आहे, वर मोठी गच्ची. इथे मागच्या अंगणात चार ग्रिल्स जमलेत: प्रोपेनवरचा गॅस ग्रिल, कोळशाचा गोल झाकणाचा केटल, चिनीमातीचा कामाडो (अंड्याच्या आकाराची भट्टी) आणि लाकडं घालून चालवायचा ऑफसेट स्मोकर. चारही काढून एकच पेलेट कुकर (लाकडी भुशाच्या कांड्यांवर आणि विजेवर चालणारा) घ्यावा, उन्हाळाभर इथे वापरावा आणि कंटेनरमधून न्यावा, असं मनात आहे. आपले माजी खजिनदार काका त्यांचा कुकर घेऊन गेलेत असं ऐकलं. काका, तिथे तो चालतो का? खरंच चारांचं काम एक करतो का?

---

प्रेषक: माजी खजिनदार, मुक्काम राजारामपुरी, कोल्हापूर

तुझा मेल वाचून फार आनंद झाला. या लवकर.

एकच ठेवायचा हा विचार पक्का कर. गॅस ग्रिल तर आणूच नकोस. तिथल्या प्रोपेनची जोडणी आपल्या 14.2 किलोच्या सिलिंडरला बसत नाही, आणि आपल्या एलपीजीत ब्यूटेनही असतं, म्हणजे जेटसुद्धा (गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतात. कामाडो प्रवासात तडकायची भीती. ऑफसेटपुढे दिवसभर लाकडं सारत बसावं लागतं.

पेलेट कुकरचं काम सोपं आहे. हॉपरमध्ये दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या कांड्या भरायच्या. खालचा स्क्रू, म्हणजे ऑगर, फिरत फिरत त्या छोट्या अग्निकुंडात ढकलतो. हॉट रॉड त्या पेटवतो, पंखा वारा घालतो, आणि कंट्रोलर तापमान बघून ऑगर कमीजास्त चालवतो. जाळावर पत्रा असतो, त्यामुळे थेट झळ अन्नाला लागत नाही. 225 अंश फॅरनहाइटला (म्हणजे 107 सेल्सियस; पुढचे तापमानाचे आकडेही फॅरनहाइटमध्येच) तो धुरी देतो, 350 ला भट्टीसारखा भाजतो, बहुतेक मॉडेलं 450-500 पर्यंत जातात. चारांचं काम एक करतो ते असं.

आपल्या स्वयंपाकाला याचा फायदा तिथे असताना मला इतका कळला नव्हता. कांदा-लसूण मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात. निखाऱ्यावर तो मसाला करपतो आणि कडू होतो. या कुकरात करपत नाही. मटणाच्या आख्ख्या फऱ्याला आलं-लसूण, दही, मीठ आणि मसाला रात्रभर लावून ठेव. 250 ला ठेवून, रंग आला की फॉइलमध्ये गुंडाळ, आणि आतलं तापमान 200 च्या आसपास गेलं की काढ. हाडापासून मांस आपोआप सुटतं. खाली पाणी घातलेलं ताट ठेव. त्यात उतरलेला रस तांबड्या रश्श्यात घातला की जी चव येते ती मी दुसरीकडे कुठेही खाल्लेली नाही. पांढऱ्या रश्श्याला मात्र धुरी लावू नकोस, त्याचा खोबरं-खसखशीचा नाजूकपणा मरतो. कोंबडी 165 झाल्याशिवाय काढायची नाही, हे तुला ठाऊकच आहे.

आता वीज. हे नीट वाच. तिथला कुकर 120 व्होल्टचा, इथे 230. थेट लावलास तर हॉट रॉड आणि कंट्रोलर जळतील. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घे. पेटताना साधारण 300 वॉट लागतात, नंतर 50 च्या आसपास, म्हणजे 500 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा पुरतो. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिथे 60, इथे 50. पंखा आणि ऑगरला साध्या एसी मोटारी असतील तर त्या सहाला पाच या प्रमाणात हळू फिरतात. मग जाळ मंद राहतो आणि वरच्या तापमानाला पोचायला वेळ लागतो. म्हणून डीसी मोटारींचाच कुकर घे. दुकानदाराला हा एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस. वीज गेली तर पंखा थांबतो आणि आग ऑगरमधून मागे हॉपरकडे सरकू शकते. म्हणून ट्रान्सफॉर्मर घरच्या इन्व्हर्टरवर जोड. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा असावा.

कांड्या फक्त खाद्यासाठीच्या, निव्वळ कठीण लाकडाच्या. इथे एमआयडीसीत बॉयलरसाठी बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या), शेंगांच्या टरफलांच्या कांड्या स्वस्त मिळतात, काहींत प्लायवूडचा भुसाही असतो. त्यावर अन्न शिजवायचं नाही म्हणजे नाही. मी ऑनलाइन मागवतो, महाग पडतात, पण मंद आचेवर तासाला अर्धा ते एक किलोच लागतात. जून ते सप्टेंबर कांड्या घट्ट झाकणाच्या पिंपात ठेव आणि काम झालं की हॉपर रिकामा कर. ओल लागली की त्यांचा भुसा होतो आणि ऑगर अडकतो.

---

प्रेषक: शिकागोहून, मंडळातली काकू

भाऊजी, बाकी सगळं मान्य, पण केटल द्यायला लावू नका. इथे शिकागोजवळच 1952 साली जॉर्ज स्टीफन यांनी धातूचा गोल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) कापून तो पहिल्यांदा बनवला. त्याला ना वीज लागते ना कांड्या, आणि कोळसा कोल्हापुरात कुठेही मिळतो. पेलेटवर वांग्याचं भरीत करून बघा. वांगं शिजतं, पण साल जळत नाही, आणि साल जळल्याशिवाय भरीत कसलं? कणसाचं आणि बांगड्याचंही तेच. या पोरीला दोन ठेवू देत.

---

प्रेषक: माजी खजिनदार, राजारामपुरी

वहिनी, भरिताबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पेलेटची धुरी सौम्य असते आणि थेट जाळ नसतो, हा त्याचा उणेपणा मी लिहायला हवा होता. पण त्यासाठी केटल समुद्रापार आणायची गरज नाही. उद्यमनगरात पत्र्याची शेगडी हवी त्या मापाची करून मिळते, आणि फौंड्रीचं गाव असल्यामुळे बिडाची जाळीही मिळते. तीच जाळी कुकरमध्ये पूर्ण तापवली तर मटणाच्या चापांना चांगला डागही पडतो. भरिताला, कणसाला आणि हुरड्याला शेगडी, बाकी सगळ्याला कुकर. कंटेनरमध्ये एकच वस्तू.

---

प्रेषक: ओहायोहून

काका, काकू, मनापासून आभार. ठरलं. डीसी मोटारींचा पेलेट कुकर घेतेय, ट्रान्सफॉर्मर तिथेच घेऊ. शेगडी काकांनी सांगितलेल्या ठिकाणी करून घेऊ.

केटल मंडळाच्या उन्हाळी सहलीसाठी देतेय, काकूंनी सांभाळावा. कामाडो आणि ऑफसेट ज्या सभासदांना हवेत त्यांनी याच मेलला उत्तर द्या. पैसे नकोत, पण ऑफसेट उचलायला चार माणसं आणि ट्रक आणा. गॅस ग्रिल शेजाऱ्यांना कबूल केलाय.

काका, फऱ्याला दही किती, ते तेवढं कळवा.