मदत हवी आहे: हा उल्कापाषाण आहे का, आणि कुठल्या प्रकारचा?

मंडळी, मामांच्या शेतात नांगरताना मुठीएवढा काळा दगड निघालाय, आकाराच्या मानाने चांगलाच जड. चुंबक चिकटतो, पण आपल्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) असतं त्यामुळे नुसत्या चुंबकावर माझा भरवसा नाही. भोकं कुठेच नाहीत ही जमेची बाजू, आणि टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला तर रेघही उमटत नाही, म्हणजे मॅग्नेटाइट किंवा हेमॅटाइट या लोहखनिजांचा गोळा नसावा. एक कोपरा आधीच तुटलेला होता तो पॉलिश पेपरने घासला तर आत राखाडी रंग, त्यात चांदीसारखे चमकणारे बारीक कण आणि गोल गोल दाणे, कडेला अगदी पातळ काळी साल. हे दाणे कॉन्ड्र्यूल (उल्कापाषाणात असणारे गोल खनिज-दाणे) असतील तर ऑर्डिनरी कॉन्ड्राइट, म्हणजे असे दाणे असलेला सर्वसाधारण दगडी उल्कापाषाण असावा, पण एच, एल की एलएल (लोखंडाच्या उतरत्या प्रमाणानुसार त्याचे गट) हे धातूच्या कणांवरून नुसत्या डोळ्यांनी ठरवता येतं का, की ऑलिव्हिन या खनिजातलं लोखंड मोजायला मायक्रोप्रोबच (इलेक्ट्रॉन किरणांनी बारीक कणांची रासायनिक घडण मोजणारं यंत्र) लागतो? दाण्यांच्या कडा पुसट आहेत म्हणून मला टाइप 5 किंवा 6 (मूळ पिंडात उष्णतेने जास्त बदललेला) वाटतोय.

जीएसआयकडे (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) कोणी नमुना दिलाय का, केवढा तुकडा लागतो? मामा अख्खा दगड फोडू देणार नाहीत आणि मलाही ते जिवावर येतंय, प्लीज सांगा.